कोपऱ्यातून दिसणारं झाड

ख्रिसमसला बर्फ पडतो, असं आमच्या प्रेरणा मिसचं म्हणणं आहे. पडत असेल कुठेतरी. आमच्या बीबी गावात डिसेंबरात पडलेला असतो तो कापूस. पलंगाखाली, कोठीत, पार देवघराच्या उंबऱ्यापर्यंत ढीग लागलेला असतो आणि नाकात तंतू जाऊन सगळं गाव शिंकत असतं. त्यामुळे मिसनी जेव्हा वर्गात सांगितलं की, "उद्या येताना प्रत्येकानं थोडा कॉटन आणा, स्नो बनवायचाय," तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मेडिकलमधलं निळ्या कागदातलं बंडल असणार. आम्ही आणला शेतातला. सरकीसकट. जगातल्या कुठल्याही देशात पडला नसेल असा बिया असलेला बर्फ आमच्या दहावीच्या वर्गात पडला.

शाळेबद्दल सांगायचं तर तिच्या नावात इंटरनॅशनल आहे. मुलींच्या बाथरूमला मात्र कडी नाही. एक जण आत जाते आणि दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. संस्थाचालक सरांना अधूनमधून झटका येतो. एकदा रोबोटिक्सचा आला होता. रोबो काही आला नाही, त्याचं पोस्टर आलं. यंदा सरांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या शाळेची रील पाहिली. त्यात गोरी गोमटी मुलं हातानं ख्रिसमस कार्डं बनवतायत, पोस्टाच्या लाल पेटीत टाकतायत, मागे घंटा वाजतायत. झालं! आपणही करायचं. प्रत्येकानं कार्ड बनवायचं, एका नातेवाइकाला पोस्टानं पाठवायचं आणि पेटीत टाकताना हसून फोटो काढायचा.

माझ्या ओळखीत ख्रिसमस करणारं एकही घर नाही. पाठवणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला तर कोणी विचारलंच नाही.

हे मी वर्गात उभं राहून बोलले. सप्टेंबरात लोणारला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले तेव्हापासून मी हळू बोलणं सोडलेलं आहे. त्याआधी मी बाकात तोंड घालून हजेरी द्यायचे. आता हजेरीसुद्धा अशी देते की शेजारच्या वर्गातला मास्तर दचकतो.

"मिस, ज्यांच्या घरी हा सण असतो त्यांना पाठवू ना. आमच्या काका-मामाला याचं काय?"

"पुष्पांजली, डोन्ट बी निगेटिव्ह."

निगेटिव्ह म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर मिसकडे नसतं तो.

"मग आत मराठीत लिहू?"

"ख्रिसमस मराठीत कसा असेल?" मिस म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर पीस, जॉय आणि बेल्स असलेल्या चार इंग्रजी ओळी लिहून दिल्या. सगळ्यांनी त्याच उतरवायच्या. डिझाइनही एकच, मिसच्या मोबाइलमधलं. लाल जाड कागद मधोमध दुमडायचा. आत हिरव्या कागदाचं झाड चिकटवायचं. वरच्या पानाचा उजवीकडचा कोपरा कात्रीनं तिरका कापायचा, म्हणजे कार्ड बंद असतानाही त्या कोपऱ्यातून झाडाचं टोक आणि त्यावरची चांदणी डोकावते. खाली कापसाचा बर्फ. हातानं बनवलेली इतकी कार्डं, आणि सगळी एकाच यंत्रातून निघाल्यासारखी. याला म्हणे क्रिएटिव्हिटी.

लाल कागद गावात मिळाला फक्त नजीरचाचांकडे. नजीरचाचा लग्नपत्रिका छापतात आणि त्यांची मुलगी उमैमा माझ्या शेजारी बसते. त्यांच्याकडे न खपलेल्या पत्रिकांची कोरी कार्डं पडून होती. मखमली, लाल, एका बाजूला सोनेरी गणपती. उमैमानं सगळ्या वर्गाला ती वाटली.

"गणपती आत दाब आणि त्याच्यावर झाड चिकटव," ती मला म्हणाली. "किसी को पता नहीं चलेगा."

"अगं, गणपतीवर झाड?"

"मग काय मिसले सांगू, गणपतीवाला ख्रिसमस हाय म्हणून?"

मी चिकटवलं. गणपतीनं समजून घेतलं असेल. त्याला मंडळांची सवय आहे.

आता खरी गोष्ट. मी त्या कार्डाची एवढी टिंगल केली, पण बनवलं मात्र सगळ्यांत मन लावून. कारण मला त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं.

मला अकरावी सायन्सला मेहकरला जायचं आहे. बाबांचं म्हणणं असं: रोज एसटीनं जायचं नाही, होस्टेलात राहायचं नाही, भाड्याची खोली तर नाहीच नाही, तेव्हा इथं जे हाय ते शिक. इथं जे हाय ते मला शिकायचं नाही. आणि गंमत अशी, की मेहकरला माझे सख्खे काका राहतात. दीपककाका. त्यांचं खतांचं दुकान आहे, दोन मजली घर आहे, आणि शीतलताईचं लग्न झाल्यापासून वरची खोली रिकामी आहे. पण बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे माझं सायन्स अडलंय ते गणितापाशी नाही, या दोन माणसांच्या तोंडापाशी.

ते का बोलत नाहीत? ऐकाच. शीतलताईच्या लग्नाच्या पत्रिकेत बाबांचं नाव खाली छापलं गेलं.

आमच्याकडे लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं कशीही लहान छापा, कोणी काही म्हणत नाही. पण निमंत्रक कोण, विनीत कोण आणि व्यवस्थापक कोण, हे चुकलं की संपलं. बाबा घरात मोठे, गोविंदा कडूबा, म्हणजे पहिलं नाव त्यांचं. तिथे छापलं काकूच्या भावाचं. बाबा गेले व्यवस्थापकांत, पाण्याच्या टँकरवाल्याच्या खाली. मजकूर सांगितला होता काकूच्या आईनं, वच्छलाआजीनं. ती लेकीकडेच राहते आणि तिला वाटतं, जगात भाऊ असेल तर तो फक्त तिच्या लेकीला आहे.

बाबा लग्नाला गेले. अक्षता टाकल्या. आणि न जेवता परत आले. आमच्याकडे याच्यापुढे भांडायला काही उरत नाही. मी आणि आईसुद्धा उपाशी. मांडवातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता आणि आम्ही गाडीत बसून मान वळवून वळवून तो घेत होतो. घरी आल्यावर बाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "दिपक्याचा नंबर बंद करून टाक. त्याचा फोन मले दिसलाच नाही पाह्यजे." मी ब्लॉक करून दिला. असल्या कामांना मी घरातली शिकलेली असते.

तर मी ठरवलं, कार्ड काकांना. आणि मागे पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव टाकायचं नाही. पोरीचं कार्ड म्हणजे पोरखेळ. मी माझ्या वक्तृत्वाच्या प्रमाणपत्रावर असतं तसल्या वळणदार अक्षरात लिहिलं: गोविंदा कडूबा, बीबी. काका बघतील, म्हणतील, दादानं पहिलं पाऊल टाकलं. विरघळतील. येतील. बाबा म्हणतील, तो स्वतःहून आला. दोघंही जिंकले. मी मेहकरला. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

पाकिटं सरांनी आणू दिली नाहीत, कारण फोटोत कार्ड दिसलं पाहिजे. मग कार्डं नुसतीच स्टेपल मारून, पाठीवर पत्ता आणि तिकीट. पोस्टात मिसनी रांग लावली. खिडकीमागच्या पोस्टातल्या काकांनी एक कार्ड हातात घेतलं, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"हे सगळे असेच हायत?"

"हो. शाळेचा उपक्रम आहे. ख्रिसमस," मिस कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या.

"सगळ्यांचेच कोपरे..." एवढं म्हणून ते थांबले. मिसनी 'स्माइल' म्हटलं, आणि ते काका बिचारे फोटोत हसले.

ख्रिसमसच्या सुटीत एका दिवशी आई शेतात वेचणीला गेली होती. तिचा मोबाइल घरी चार्जिंगला, रिंग बंद करून, कारण रात्री मी त्यावर गाणी ऐकली होती आणि मधे फोन नको होता. बाबा ओट्यावर खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होते. आमचे बाबा साबण लावतात म्हणजे हात आखडता घेत नाहीत. कानापासून गळ्यापर्यंत पांढरा फेस. त्या दिवशी बीबीत सांताक्लॉज कोणाला दिसला असेल, तर तो एवढाच.

तेवढ्यात दारात जीप थांबली. आधी काकू उतरली, पदर तोंडाला लावून. मग मेहकरच्या जीपमधून असा हंबरडा आला की समोरची कुत्री उठून गेली.

"अरे माझ्या गोविंदाऽऽ! कसा गेला रे बापाऽऽ! एवढा गुणाचा रे माझा गोविंदाऽऽ!"

ही वच्छलाआजी. हिनंच बाबांना टँकरवाल्याच्या खाली घातलं होतं.

आणि मग काका उतरले. डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला, हातात झेंडूचा हार. मान खाली घालून चार पावलं चालले, वर पाहिलं आणि जागीच खिळले. बाबांच्या हातात रेझर. अर्धा गाल साफ, अर्धा पांढरा. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी पहिला शब्द बाबांचा.

"काय झालं बे? कोण गेलं?"

काकांनी हार पाठीमागे लपवला.

"तू," काका म्हणाले.

"मी कुठं गेलो? मी दाढी करून राह्यलो."

वच्छलाआजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला काही दिसलं नव्हतं. ती जीपच्या दाराला धरून चालूच होती. "असा भाऊ कोणाले भेटते रे! किती मोठ्या मनाचा! किती समजदार!"

बाबांनी रेझर खाली घेतला. "थांबू नका, मावशी," ते म्हणाले. "बोला, बोला. बरं वाटून राह्यलं."

आवाज ओळखल्याबरोबर आजीनं दुसरीच किंचाळी मारली. ती आधीच्यापेक्षा खरी होती.

काका ओट्यावर मटकन बसले आणि रडायला लागले. आता रडायचं कारण नव्हतं, तरी. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर जोरात बुक्की मारली. "फोन काऊन नाही उचलत बे तू? सकाळपासून लावून राह्यलो! वयनीही उचलत नाही. मले वाटलं, घरात रडारड असल, कोण उचलणार!"

"तुझा फोन आलाच नाही मले."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच ब्लॉक करायला लावला होता," मी बाबांना म्हणाले. मी काय घाबरते?

"अन् तुले कोणं सांगितलं बे, मी मेलो म्हणून?"

काकू पदराआडून बोलली. "पत्र आलं ना, दादा. कोपरा कापलेलं. अन् त्याच्यावर तुमचं नाव."

"कोपरा कापलेलं?" बाबांचा उरलेला फेससुद्धा पांढरा पडला असता, पडू शकला असता तर.

तिथे मला पहिल्यांदा कळलं. मला खरंच माहीत नव्हतं हो. पूर्वी म्हणे कोणी वारलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. तसलं पत्र घरात न्यायचं नाही, जपून ठेवायचं नाही. दारातच पाहायचं आणि फाडून टाकायचं. म्हणून वच्छलाआजीनं पोस्टमनच्या हातातून कार्ड घेतल्याबरोबर बोटांनी कोपरा चाचपला, नातवाकडून मागचं नाव वाचून घेतलं, तेच गेलेल्याचं मानलं आणि उघडायच्या आतच चार तुकडे करून नालीत टाकलं. माझा पीस, माझा जॉय, माझ्या बेल्स, चांदणी, झाडाखालचा गणपती, सगळं नालीत. कोणी आत बघितलंच नाही.

"लाल होतं ते!" मी ओरडले. "मखमली! मयताचं पत्र कोणी मखमलीवर पाठवते का?"

"मी म्हटलं, गोविंदाचं हाय, मोठेपणा केला असन," आजी म्हणाली.

"पण पाठवलं कोणं?" बाबांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता. खाली आला की तो वाईट.

मी गप्प बसू शकले असते. कार्ड नालीत होतं. अक्षर कोणी ओळखलं नव्हतं. सप्टेंबरच्या आधीची पुष्पांजली कोठीतल्या कापसात जाऊन लपली असती आणि संध्याकाळपर्यंत शिंकत बसली असती.

"मी पाठवलं," मी म्हणाले. "ख्रिसमसचं कार्ड होतं ते."

"कशाचं?"

"ख्रिसमसचं. शाळेनं करायला लावलं."

"अन् कोपरा काऊन कापला?"

"झाड दिसायला."

"कोणतं झाड?"

"ख्रिसमसचं झाड असते, बाबा."

बाबा काकांकडे पाहू लागले, जणू हा प्रश्न त्यांनी सोडवावा. "आपल्यात कोण करते बे ख्रिसमस?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "म्हणून तं शाळा करते. अन् माह्यावर काय डोळे काढून राह्यले? कोपऱ्याचं मले कोणी सांगितलं होतं? आपल्या घरी लाइटबिलाशिवाय पत्र येते का कधी? तुम्ही दोघं एका कार्डावर नाव खाली आलं म्हणून बोलणं सोडता. दुसऱ्या कार्डाचा कोपरा नव्हता म्हणून हार घेऊन धावत येता. मंग मधात काय झालं होतं? मधात फोन होता, एसटी होती, तोंड होतं. ते कोणी नाही वापरलं. मेल्यावर बोलायचं होतं का?"

लोणारला मी यापेक्षा वाईट भाषण करून पहिली आले होते.

"अन् नाव तुमचं टाकलं ते मुद्दाम टाकलं. मले मेहकरले अकरावी करायची हाय. काकांच्या घरी. म्हणून पाठवलं. सांगून टाकलं."

काकांनी नाक पुसलं. बाबा काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आई दिसली. पाठीवर कापसाचं गाठोडं. कोणीतरी शेतात जाऊन तिला सांगितलं होतं की तुझ्या दारात मेहकरची जीप आली आणि रडणं ऐकू येतंय. तिला दारातली गर्दी दिसली. काकांच्या हातातला हार दिसला. आणि ती मधल्या रस्त्यातच बसली, गाठोड्यासकट.

बाबा अर्धी दाढी घेऊन धावले. "अवं मी हाय! मी हाय, पाह्य!" त्यांनी आईचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला. फेसाच्या बाजूला. आईनं हात पाहिला, बाबांना पाहिलं, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर त्यांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग रडली.

पुढचा तमाशा जेवणाचा. बाबांनी आईला सांगितलं, पिठलं-भाकर टाक, हे लोक सकाळपासून उपाशी आहेत. तर वच्छलाआजी ओट्यावरूनच म्हणाली, "आम्ही नाही जेवणार. मौतीच्या घरी जेवत नसतात."

"मौत कुठं झाली पण?" आई म्हणाली.

"रडणं तं झालं ना. अंघोळ केल्याबिगर घास घेता येत नाही. आम्ही घरी जाऊनच पाहू."

या बाईला एका माणसाचा जीव परत मिळालेला पुरत नव्हता, नियम पाहिजे होता. काकूनंही मान हलवली. जीपवाल्यानं गाडी वळवायला घेतली. बाबांनी टॉवेलनं उरलेला फेस पुसला, दाढी तशीच ठेवून, आणि काकांकडे न बघता म्हणाले, "म्हणजे न जेवता जाता."

ते एवढंच म्हणाले, पण शीतलताईचा अख्खा मांडव तिथे उभा राहिला. वांग्याच्या वासासकट. मला कळलं, आता काका जीपमध्ये बसले की माझं सायन्सही त्याच जीपमध्ये बसून जाणार आणि परत येणार नाही. माझं भाषण देऊन झालं होतं. आणखी शब्द माझ्याकडे नव्हते, आणि हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

काका उठले. त्यांनी हातातला हार अडकवायला खुंटी शोधली, मिळाली नाही, म्हणून अंगणात बांधलेल्या बैलाच्या शिंगावर टाकला. चालत हौदाकडे गेले. बादली बुडवली आणि शर्ट-पँटसकट डोक्यावर ओतली. डिसेंबरातलं रात्रभर निवलेलं पाणी. दुसरी बादली ओतली. दात वाजत होते. पांढऱ्या शर्टातून बनियन दिसत होता आणि खिशातला मोबाइल काकू ओरडून सांगेपर्यंत भिजून गेला होता.

"झाली अंघोळ," काका म्हणाले. "वयनी, वाढा."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या अंगावर फेकला. दिला नाही, फेकला. लहानपणी फेकत असतील तसा. मग आत जाऊन स्वतःचं धोतर आणलं. पँटवाले काका धोतर नेसून पाटावर बसले तेव्हा हुबेहूब भिंतीवरच्या फोटोतल्या आमच्या कडूबा आजोबांसारखे दिसत होते. मी हसले.

आजीसुद्धा बसली. हातपाय धुतले तरी चालते, असा नियम तिला पिठल्याच्या वासावर आठवला.

"मीठ कमी हाय, वयनी," काका पहिल्याच घासाला म्हणाले.

"घाईत झालं, भाऊजी," आई म्हणाली. "नवरा मेला होता ना मघाशी."

काकांना ठसका लागला. बाबांनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या, गरजेपेक्षा जोरात.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मुद्दाम मधोमध उभी होते. मला कोणी विसरू नये म्हणून.

"शीतलची वरची खोली हाय," काका ताटाकडे पाहत म्हणाले.

बाबा भाकरी मोडत राहिले. "अन् हिनं तिथंही असेच उद्योग केले तं?"

"आमचं आम्ही पाहू."

"पुढची पत्रिका छापशीन..."

"मजकूर तूच लिहून नजीरभाईले दे. पहिलं नाव तुझं. पाह्यजे तं सगळेच नावं तुझे टाक."

बाबांनी पिठलं पुसून घेतलं, बोट चाटलं. एवढा वेळ लावायची काही गरज नव्हती. "जूनमध्ये आणून सोडतो," ते म्हणाले. मला नाही, काकांना. जणू ते सोयाबीनचं पोतं आणून सोडणार होते.

चालेल. पोतं तर पोतं. मी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर अंगणात जाऊन उड्या मारल्या. बैलानं तोवर शिंगावरून पडलेला हार अर्धा खाऊन टाकला होता.

परत आले तेव्हा वच्छलाआजी हात धुताना म्हणत होती, "वरची खोली रिकामी कुठं हाय? थंडीपासून मीच झोपते तिथं. राह्यल ही माह्यासोबत. हिच्यावर लक्ष ठेवाले कोणी पाह्यजेच." म्हणजे मेहकर मिळालं, सायन्स मिळालं आणि सोबत ही मिळाली. घेतली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे, मग बघते कोण कोणावर लक्ष ठेवतं.

सुटीनंतर शाळा भरली. मिसनी वर्गात विचारलं, कार्ड मिळाल्यावर नातेवाइकांना काय वाटलं? सगळे म्हणाले, आवडलं मिस. आमचा वर्ग नेहमीच असं म्हणतो. उमैमा म्हणाली, माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, निकाहची पत्रिका वाटली, ती अजून तारीख शोधतेय. एकाच्या अमडापूरच्या आजोबांनीही कार्ड दारातच फाडलं होतं, पण त्यांनी लगेच फोन लावला आणि इकडे उचलला गेला. शहाण्यांच्या घरी फोन लागतात. तो मुलगा वर्गात काही बोलला नाही, मला मधल्या सुटीत सांगितलं.

"आणि पुष्पांजली? तुझ्या काकांना आवडलं?"

"मिस, काका कार्ड पाहताच रडले," मी म्हणाले. "तसेच उठले आणि आमच्या घरी आले. बाबांसाठी हारसुद्धा आणला होता."

"सो स्वीट!" मिसचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत ते शाळेच्या पेजवर होतं, पोस्टातल्या फोटोसकट. फोटोत ते पोस्टातले काका अजून तसेच हसतायत.

संस्थाचालक सर तर इतके खूश झाले की पुढच्या डिसेंबरात हेच कार्ड, याच कापलेल्या कोपऱ्याचं, आजूबाजूच्या सगळ्या गावांत घरोघरी पाठवायचं ठरलंय. नवीन ॲडमिशनसाठी. प्रत्येक कार्डावर त्या त्या घरच्या मोठ्या माणसाचं नाव, आदरानं.

मी हात वर करणार होते. खरंच, अर्धा वर केलाही होता. पण निगेटिव्ह बोललेलं मिसला आवडत नाही, आणि पुढच्या डिसेंबरात मी काही इथे नसणार.